विचारून वाढलेलं पान

श्रावणात रजेवर मालवणला आलो की आई टाकळ्याची भाजी करते. कोवळा पाला, कांदा आणि वर मूठभर ओलं खोबरं. ती खाताना मला मेळघाट आठवतो. टाकळ्याला तिकडे तरोटा म्हणतात, आणि माझ्या नोकरीतले कितीतरी पावसाळे तो उपटण्यात गेले. चितळ त्याला तोंड लावत नाही. शेंगा धरायच्या आत मुळासकट काढला नाही, तर पुढच्या वर्षी गवताला जागाच उरत नाही.

१९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. पुढे कोहा, कुंड, बोरी ही आतली गावं बाहेर वसली आणि त्यांची शेतं मोकळी झाली. वाघ टिकायचा तर चितळ-सांबर हवेत, आणि त्यांना चारा हवा. म्हणून अशा जागी कुरणं राखायची.

पण लावायचं काय? सुरुवातीला मी हिरवेपणाला भुललो. एका तुकड्यात तिखाडी पुरुषभर वाढली होती, ती तशीच ठेवली. चितळं तिच्यातून वाट काढून पलीकडे जात आणि बांधालगतच्या बुटक्या गवतावर माना घालत. तिखाडीचं पान चुरगाळलं तेव्हा रोशा तेलाचा उग्र दर्प बोटांना दिवसभर राहिला. बांधावरची काडी उपटून पाहिली. पेरापेरावर पांढऱ्या केसांचं बारीक कडं होतं. तो मारवेल.

तेव्हापासून मी आधी जमीन बघतो. खोल काळ्या मातीत मारवेलचे ठोंब पहिल्या पावसानंतर लावायचे. पवन्या आणि शेडा यांचं बी दिवाळीच्या सुमारास पिकतं, तेव्हा ते हातानं ओरबाडून सावलीत वाळवायचं. उथळ मुरमाड जागी कुसळी असू द्यायची. कोवळी असेपर्यंत ती चालते, कुसळं धरली की तोंडाला टोचते. एकाच गवतावर वर्ष निघत नाही. सांबराला तर झाडपाला लागतो, म्हणून कडेचे आवळे, बेहडे तोडायचे नाहीत. वर वानरं बसली की खाली पडलेल्या पाल्यावर चितळंही जमतात.

आईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आमी हयसर जनावरां हाकवन हाकवन थकलंव, आनि तू थंय तेंका जेवान वाढतंस?"

तिचं खरं होतं. भातात डुक्कर शिरलं की काय होतं, ते मी लहानपणापासून पाहिलंय. म्हटलं, "रानात पोट भरलं तर ती शेताकडे कशाला येतील, आई?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मगे वाढ. पन तेंका काय आवाडता तां इचारून वाढ."

विचारायची रीत मला एका जुन्या वनमजुरानं शिकवली होती. कुरणात गुडघ्यांवर बसायचं आणि पात्यांची टोकं बघायची. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्यानं खाल्लेलं पातं फाटल्यासारखं तुटतं. सशानं खाल्लेलं मात्र कात्रीनं छाटल्यासारखं तिरकं दिसतं. फाटकी टोकं आणि शेजारी ताज्या लेंड्या दिसल्या, की त्या गवताचं नाव मी वहीत लिहितो. पुढच्या पावसाळ्यात काय लावायचं, ते त्या वहीतून ठरतं.