जिन्यावर बसणारे आजोबा

मैत्रिणींनो, मुलांच्या शाळेतून 'पालकसभेस अगत्य यावे' अशी चिठ्ठी आली की तुम्ही काय करता? खरं सांगा हं! मी स्वतः माझ्या धाकट्याच्या शाळेची अशी चिठ्ठी एकदा रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवून पार विसरले होते. आणि गंमत अशी, की त्याच आठवड्यात आमच्या बालवाडीच्या सभेला सहाच बायका आल्या म्हणून मी घरी येऊन तणतणत होते. "चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या! या लोकांना मुलांची पर्वाच नाही."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सभा किती वाजता ठेवलीस?"

"अकराला."

"अकराला कोण रिकामं असतं गं लालबागेत?"

मी बी. ए. झाले, लग्न होऊन या चाळीत आले, दोन मुले झाली, आणि धाकटा शाळेत जाऊ लागल्यावर जवळच्या एका बालवाडीत सकाळी नऊ ते बारा शिकवू लागले. पगार म्हणाल तर भाजीबाजार सुटतो एवढाच. पण तीन-चार वर्षांची मुले गळ्यात पडतात त्याचे मोल कसे करायचे? असो. सांगायचे आहे ते त्या मुलांतल्या एकाबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल.

हा मुलगा जूनमध्ये आला तेव्हा चांगला बोलका होता. पहिल्याच दिवशी डबा सापडेना म्हणून त्याने विचारले, "बाई, माजो डबो खय?" बाकीची मुले खो खो हसली. मलाही हसू आले, आणि मी म्हटले, "खय नाही राजा, कुठे म्हणायचं. म्हण बघू, माझा डबा कुठे आहे?" त्याने म्हटले नाही. दुसऱ्या दिवशीही मी असेच काहीतरी सुधारले. अगदी प्रेमाने बरं का, गालावर हात फिरवून! पंधरा दिवसांत तो मुलगा साफ गप्प झाला. शू लागली तरी सांगेना. चड्डी ओली झाली की नुसता भिंतीकडे तोंड करून उभा राही.

दिवाळीपर्यंत आम्ही त्याच्या नावापुढे 'बोलत नाही' असा शेरा लिहून मोकळ्या झालो होतो. त्याची आई पहाटेपासून दोन घरी पोळ्या करते, मग एका दुकानात जाते. वडिलांची ड्यूटी रात्रीची. सभेला दोघेही कधी आले नाहीत. मी आईला एकदा रस्त्यात गाठून चार शब्द सुनावलेसुद्धा. ती बिचारी "हो बाई, हो बाई" म्हणत राहिली.

त्याला आणायला-न्यायला आजोबा येत. पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी, हातात छत्री. सोडायला आले की घरी जायचेच नाहीत. तीन तास जिन्याच्या पायरीवर बसून असत. आम्हाला वाटे, म्हातारा माणूस, घरी करमत नसेल. सहा महिने मी त्यांना वळसा घालून जिना चढले, आणि एका शब्दाने कधी बोलले नाही. आज लिहितानाही लाज वाटते.

सासूबाईंचा तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. त्याच सुमारास अनुताई वाघांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' पुन्हा हाती आले. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी ते वाचले असेल. अनुताईंच्या गुरू ताराबाई मोडक. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून बालमंदिर काढले होते. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या काळजीतून ते या कामाकडे वळले, म्हणजे या साऱ्याच्या मुळाशी एक पालकच होता म्हणायचा! त्यांच्याबरोबर ताराबाईंनी काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी आपल्या दादरला शिशुविहार सुरू केला. तो नावारूपाला आला. एखादी बाई तिथेच सुखाने थांबली असती. पण या बाई पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये, समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या, पस्तिशीच्या अनुताई तिथे त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीत बालवाडी काढली, पण हरिजनवाड्यातली मुले काही येईनात. आता इथे तुम्ही-मी काय केले असते? आणखी एक चिठ्ठी पाठवली असती! या दोघींनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळी घातल्या, नखे काढली, आणि महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांवर शिकवले. आया दारातून बघत होत्या, लेकरू काय करते ते त्यांना दिसत होते. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये संस्था कोसबाडला गेली. तिथे मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज खेडोपाडी ते नाव ऐकतो, पण ते कुणाच्या अंगणातून आले हे आपण विसरलो.

आमच्या लालबागेत अंगण कुठले? पण गॅलरी आहे ना! मी आमच्या मुख्य बाईंना विचारले, त्या आधी नको म्हणाल्या, मग हो म्हणाल्या. पुढची सभा आम्ही रविवारी संध्याकाळी पाचला, जिथली सर्वांत जास्त मुले आमच्याकडे येतात त्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर भरवली. गणेशोत्सव मंडळाच्या पोरांनी सतरंज्या आणून दिल्या. संक्रांत जवळ होती. 'हळदीकुंकूच ठेवू या की' असे एकीने सुचवले. पण मुलांपैकी एकीची आई गेल्या वर्षीच विधवा झालेली, ती दाराआडच उभी राहिली असती. म्हणून नुसता तिळगूळ ठेवला, सगळ्यांना, आजोबांना-काकांनासुद्धा. आणि वाण म्हणून कापडी पिशवीत खेळ दिला: जुन्या बांगड्या, डब्यांची निरनिराळी झाकणे, जोड्या लावायला रंगीत कापडाचे तुकडे. वाल आणि चिंचोकेही घालणार होतो, पण आमच्याकडे एका वीराने पूर्वी वाटाणा नाकात घालून तो फुगवून ठेवला होता, तेव्हापासून तीनच्या आतल्या मुलांच्या हाती बी देत नाही. तुम्हीही देऊ नका.

किती आले म्हणता? मोजले नाहीत, पण जिन्यात चपलांना जागा राहिली नाही.

सगळे गोडच झाले असे नाही. एका वडिलांनी उभे राहून विचारले, "बाई, तुम्ही झाकणं लावायला शिकवता, पण एबीसीडी कधी शिकवणार? उद्या इंग्रजी शाळेवाले विचारतील, तेव्हा पोरगी काय झाकण दाखवणार?" लोक हसले. मला मात्र हसू येईना. मी बोटांच्या स्नायूंचे सांगितले, मोठे-लहान, आत-बाहेर कळल्याशिवाय अक्षर कळत नाही हे सांगितले. त्यांना ते पटले नाही. मार्चमध्ये त्यांनी मुलीचे नाव काढले. मला त्यांचा राग येत नाही. गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर झाले, आणि टॉवरमध्ये साहेब म्हणून शिरायचे तर इंग्रजी हवे, एवढेच या वस्तीने पाहिले आहे. त्या भीतीला माझ्याजवळ पुरते उत्तर नव्हते.

सभा संपली आणि ते जिन्यावरचे आजोबा पुढे आले. म्हणाले, "घराकडे तो गप रवणा नाय, बाई. हय इलो काय तोंड शिवता."

घरी गप्प बसत नाही, इथे आला की तोंड शिवतो. ते ऐकले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डबो खय! आई-बाप दिवसभर बाहेर, मुलगा वाढला तो सावंतवाडीकडच्या या आजी-आजोबांच्या अंगाखांद्यावर. त्याची मायबोली मालवणी. ती मी प्रेमाने, गालावर हात फिरवून, तोंडातून काढून घेतली होती. आणि आजोबा जिन्यावर का बसत? नातवाचा आवाज कधी ऐकू येतो का, ते ऐकायला.

मी त्यांना म्हटले, "आजोबा, बुधवारी वर येऊन बसाल? मुलांना काहीतरी सांगा." ते म्हणाले, मला काय येते? साचेखात्यात उभा जन्म गेला, १९८२ च्या संपात तोही सुटला, मग मिळेल ते केले. मी म्हटले, तेच सांगा.

बुधवारी ते धुतलेले कपडे घालून आले. खिशातून लाकडी बॉबिन काढले, कधी काळचे जपून ठेवलेले. धोटा कसा इकडून तिकडे पळतो ते हाताने दाखवले, तोंडाने साच्यांचा खडखडाट केला, भोंगा वाजवला. मुले वेडी झाली! सगळ्या वर्गाचे साचे झाले. नातू मात्र आजोबांचा लेंगा धरून गप्पच.

तिसऱ्या की चौथ्या बुधवारी आजोबा गावच्या माशांचे सांगत होते, मालवणीतच. मी फळ्यावर चित्रे काढत होते. बांगडा काढला, मग मिशावाली वाकडी आकृती काढून म्हटले, "आणि ही कोण? कोळंबी!"

"कोळंबी नाय," मागून आवाज आला. "सुंगटां."

मी वळले. तो उभा होता. मी विचारले, "काय म्हणालास?"

"सुंगटां म्हणूचा, बाई," त्याने मला समजावून सांगितले, अगदी मी सांगत असे तसेच, मान हलवून.

मी खडू घेऊन 'सुंगटां' लिहिले, आणि सगळ्या वर्गाने ते मोठ्याने म्हटले. आजोबा पंच्याने चष्मा पुसत बसले होते.

त्या रात्री मी त्याच्या आईकडे गेले. रस्त्यात बोलले त्याबद्दल माफी मागितली. तिने चहा टाकला. दोघींनाही फारसे बोलता आले नाही.

तो मुलगा आता पहिलीत आहे, मराठी शाळेत. आजोबा अजूनही बुधवारी येतात. यंदा आमच्याकडे दोन भावंडे आली आहेत, घरी भोजपुरी बोलतात. त्यांची आई नाक्यावर भाजीची टोपली घेऊन बसते. तिला मी बुधवारी यायला सांगितले आहे. "टोपली कुणाकडे ठेवू?" असे तिने विचारले. आजोबा म्हणाले, मी बसतो टोपलीपाशी.