काचेत गोठलेले टोरांटो

आम्हां ग्वाल्हेरकरांना थंडीचे नवल नाही. पौषात पारा तीन-चार अंशांवर येतो, लष्करातल्या गल्ल्यांतून पहाटे धुके उतरते आणि घरोघरी शेगड्या पेटतात. त्यामुळे २०१३ सालच्या डिसेंबरात अर्जित रजा घेऊन आम्ही थोरल्या बंधूंकडे कॅनडातील टोरांटो शहरी गेलो, तेव्हा थंडीच्या बाबतीत आम्हांस थोडा गर्वच होता. मातोश्री त्या वर्षी तिकडेच होत्या.

२१ डिसेंबरच्या रात्री पाऊस लागला. हिम नव्हे, पाऊस! थंडी ओसरली, असे आम्ही मनाशी म्हटले. दादा मात्र खिडकीशी अस्वस्थ उभे होते. या पावसाची करणी त्यांनी आम्हांस समजावून सांगितली. वर उबदार हवेचा एक थर असतो, त्यात हिम वितळून पाणी होते. खाली जमिनीलगतची हवा शून्याखाली असते; पण तो थर इतका पातळ, की थेंबाला पुन्हा गोठण्यास अवधीच मिळत नाही. असा थेंब फांदीला, तारेला, मोटारीला टेकला की तत्क्षणी त्याचे बर्फ होते. १९९८ च्या जानेवारीत असाच पाऊस माँट्रियल आणि ओटावाच्या बाजूस पाच-सहा दिवस पडत राहिला होता. विजेचे पोलादी मनोरे कोसळले, सैन्य बोलवावे लागले आणि ३० हून अधिक माणसे दगावली.

सकाळी पाहतो तो सारे शहर काचेत घातल्यासारखे! गवताचे पाते न् पाते वेगळे मढवलेले. सुंदर होते, यात शंका नाही. पण मधूनच बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज होई आणि एखादी फांदी भाराने मोडून तारांवर पडे. शहरातील सुमारे ३ लाख ग्राहकांची वीज गेली, त्यांत आम्हीही. घर उबदार ठेवणारी भट्टी गॅसवर चाले खरी, पण ऊब खोल्यांत लोटणारा तिचा पंखा विजेचा. संध्याकाळपर्यंत घर बाहेरच्या जगाशी स्पर्धा करू लागले. दोन रजयांखाली आईचे हात गार पडले होते.

तेव्हा आम्हांस आपली शेगडी आठवली. अंगणात कोळशावर मांस-भाज्या भाजण्याचे लोखंडी यंत्र होते. ते आत आणावे, खोली बंद करून आईला उबेत बसवावे, असे आम्ही सुचवले. एवढेच नव्हे, तर कोळशाची पिशवीही उचलून आणली. दादा एरवी शांत गृहस्थ, पण ते ओरडलेच, “अरे, आईला मारायची आहे का तुला?” कोळशाच्या धुगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणूस झोपेतच जातो. त्या वादळात घरात कोळसा किंवा जनरेटर चालवल्याने विषबाधा झाल्याच्या बातम्या पुढे आम्ही स्वतः वाचल्या. पिशवी मुकाट्याने बाहेर ठेवली.

सकाळी मिसिसागाच्या एका मराठी स्नेह्यांचा फोन आला, “आमच्याकडे वीज आहे, आईंना घेऊन या.” पण न्यायचे कसे? मोटार करंगळीएवढ्या जाड बर्फात बंद. घाईने आम्ही दाराची मूठ ओढली, ती तुटून हातात आली. मग गॅस काडीने पेटवून तापवलेले पाणी घेऊन काचेकडे निघालो. तेही दादांनी हातातून काढून घेतले. गार काचेवर कढत पाणी पडले तर ती तडकते, न तडकली तरी ते पाणी पुन्हा गोठते. त्यांची रीत निराळी. दार ओढायचे नाही; उलट खांद्याने आत दाबायचे, म्हणजे फटीतले बर्फ तडकते आणि रबर सुटते. वायपर काचेला चिकटलेले असताना चालू करायचे नाहीत. धूर सोडणारी मागची नळी आधी मोकळी करायची, मगच इंजिन सुरू करायचे, आणि तेही उघड्यावर, गॅरेजमध्ये नाही, विष तेच! आतील ऊब काचेला लागली, की प्लॅस्टिकच्या खरवडणीने बर्फाचे पापुद्रे सुटतात. छप्पर आणि दिवेही साफ करायचे, नाहीतर धावत्या गाडीवरून बर्फाची लादी मागच्याच्या काचेवर जाते. या सगळ्याला पाऊण तास लागला.

वाटेत ठिकठिकाणी चौकांतले दिवे बंद होते आणि पोलीस नव्हता. तरी चारही बाजूंच्या गाड्या थांबत आणि एकेक करून पाळीने निघत. (आमच्या फुलबागेच्या चौकात हे दृश्य पाहण्याचे भाग्य केव्हा लाभेल, कोण जाणे.) रस्त्यावर मीठ टाकलेले होते, पण थंडी शून्याखाली दहा अंशांच्या आसपास गेली की मिठाचाही इलाज मंदावतो. दादा बैलगाडीच्या वेगाने हाकत होते. आई मागे रजईत, तिचे नामस्मरण आम्हांस स्पष्ट ऐकू येत होते.

स्नेह्यांच्या घरी पिठलेभात खाऊन तिच्या हातांत ऊब आली, तेव्हा कुठे दादांनी हातमोजे काढले.

पुढच्या पौषात आई ग्वाल्हेरीस होती. आम्ही शेगडी अंगणातच पेटवली आणि निखारे विझल्याखेरीज आत येऊ दिली नाही. आई दोन दिवस कुरकुरली. तिसऱ्या दिवशी आम्ही शाळेतून परतलो, तो ती शेजारच्या काकूंच्या दारात उभी राहून त्यांची खिडकी उघडायला लावीत होती.