चोरलेली बादली आणि लझान्याचा कोपरा

मोदेना शहरानं सातशे वर्षांपूर्वी एक बादली चोरली आणि ती अजून परत केलेली नाही. आम्ही तिच्यासमोर उभे होतो. साधी लाकडी बादली, लोखंडी पट्ट्या मारलेली, आमच्या आजोळी रहाटावर होती तशीच. १३२५ साली झाप्पोलिनोच्या लढाईत मोदेनाच्या सैन्यानं शेजारच्या बोलोन्याला धूळ चारली आणि येताना तिथल्या वेशीबाहेरच्या विहिरीवरची ही बादली उचलून आणली, असं सांगतात. युद्ध बादलीपायीच झालं, ही मागाहून रचलेली गोष्ट. पुढे मोदेनाच्याच आलेस्सांद्रो तास्सोनीनं १६२२ साली त्यावर एक विनोदी महाकाव्य छापलं आणि बादली अमर झाली. आता ती नगरपालिकेच्या जुन्या महालात आहे आणि तिची नक्कल गिरलांदिना मनोऱ्यात. चोरीच्या मालाची नक्कलही जपणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

आम्ही बोलोन्याहून आलो होतो, म्हणजे फिर्यादी पक्षाकडून. लेक तिथं पीएच.डी. करत होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तेव्हा तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आई-बाबा, एक जेवण माझ्याकडून. कुठे ते विचारायचं नाही, आणि किती ते तर अजिबात नाही." कुठे ते दोन दिवसांत कळलं, कारण तिला गुपित पाळता येत नाही. मोदेनातलं 'ओस्तेरिया फ्रांचेस्काना'. शेफ मासिमो बोत्तुराचं. जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत २०१६ आणि २०१८ साली पहिलं आलेलं, तीन मिशलिन तारे मिरवणारं. तिथलं आरक्षण काही महिने आधी ठरल्या दिवशी खुलं होतं आणि बघता बघता संपतं. कोकण रेल्वेचं गणपतीतलं तिकीट ज्यानं काढलंय त्याला अधिक सांगायला नको. किती ते मी चोरून पाहिलं: माणशी अडीचशे युरोंच्या वर. तेव्हाच्या दरानं वीस हजार रुपये, आणि ते वाइन सोडून.

बोलोन्या ते मोदेना साध्या गाडीनं अर्धा तासही लागत नाही. रूळ व्हिया एमिलियाच्या सोबतीनं जातात. रोमनांनी इसवी सनापूर्वी १८७ मध्ये बांधलेला हा रस्ता अजूनही वापरात आहे. बाहेर पो नदीचं सपाट खोरं आणि त्यावर धुकं, इतकं की लाम्ब्रुस्कोचे द्राक्षमळे गाडी अगदी जवळ गेल्यावरच दिसत. या धुक्यातच लेकीनं कबुली दिली.

"आई, एक सांगायचं राहिलं. पार्मिजानो चीज शाकाहारी नसतं."

बायको पक्की शाकाहारी. अंडं तिला फक्त केकमधून चालतं, कारण तिथं ते दिसत नाही. दोन दिवस ती पास्त्यावर ते चीज सढळ हातानं किसून घेत होती.

"म्हणजे?"

"दूध साकळायला वासराच्या जठरातलं रेनेट घालतात. पार्मिजानोच्या नियमातच आहे ते, दुसरं काही घालायला परवानगी नाही."

बायको खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. मोदेनाचं स्टेशन आल्यावर उतरताना म्हणाली, "परवा सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "चव मात्र चांगली होती."

बादलीच्याच इमारतीत वर, माळ्यावर, नगरपालिकेची बाल्सामिक व्हिनेगरची पिंपं आहेत. तिथं वर चढलं की नाकात आंबटगोड वास शिरतो, पिकलेल्या चिंचेच्या कोळासारखा. द्राक्षांचा रस शिजवून आटवायचा आणि उतरत्या आकाराच्या पिंपांच्या रांगेत ठेवून द्यायचा. पिंपंही चेस्टनट, चेरी, तुती, ओक, जुनिपर अशा निरनिराळ्या लाकडांची. दर वर्षी सगळ्यांत लहान पिंपातून थोडं काढायचं, ते मधल्यातून भरायचं, मधलं मोठ्यातून, आणि मोठ्यात नवा रस. किमान बारा वर्षं झाल्याशिवाय 'पारंपरिक' हा शिक्का नाही आणि 'एक्स्ट्राव्हेक्कियो'साठी पंचवीस. माळ्यावरच का, तर उन्हाळ्यात तापावं आणि हिवाळ्यात निवावं म्हणून. मुलगी जन्मली की तिच्या नावानं पिंपांची रांग लावायची, लग्नात द्यायची, अशी इथली जुनी रीत. बायको लेकीकडे वळून म्हणाली, "तुझ्या वेळी आम्ही पोस्टात आर.डी. काढली होती."

साडेबाराला व्हिया स्तेल्लावर पोचलो. गल्ली, बंद दार, छोटी पाटी. ओस्तेरिया म्हणजे खरं तर खानावळ, चार पेले वाइन आणि एक वाडगं काहीतरी गरम मिळायची जागा. १९९५ साली बोत्तुरानं ही घेतली तेव्हा तशीच होती, नावही त्यानं तेच ठेवलं. आत मात्र शांतता. बारा टेबलं, एकमेकांपासून लांब, भिंतींवर आधुनिक चित्रं. आपल्याकडे पंक्तीत शेजारच्याच्या कोपराचा धक्का लागत लागत जेवायची सवय असलेल्याला इथं पहिली दहा मिनिटं आपण परीक्षेला बसलोय असं वाटतं.

टेस्टिंग मेन्यूत आपण काही मागवायचं नसतं. शाकाहारी, मांसाहारी, कशाची ॲलर्जी, एवढं आधी कळवायचं. मग दहा-बारा पदार्थ त्यांच्या क्रमानं, त्यांच्या वेळेनं, त्यांच्या मापानं येतात. मला यात सगळ्यांत नवल वाटलं ते पुढचं न दिसण्याचं. आपलं ताट म्हणजे नकाशा. मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, गोड काय आहे हे पहिल्या घासाआधीच ठाऊक, त्यामुळे पोटात जागा कुठे ठेवायची याचा हिशेब आधीच झालेला. इथं नकाशा नाही. पुढच्या वळणावर काय येईल ते फक्त स्वयंपाकघराला माहीत.

पार्मिजानो आला तेव्हा बायकोनं हात मांडीवर ठेवले. तिच्यासाठी भाज्यांचं काहीतरी वेगळं होतं, ते तिनं मन लावून खाल्लं. पण नजर माझ्या थाळीवर. थाळीत होतं पांढऱ्यावर पांढरं. एकच चीज, पाच वयांचं: चोवीस महिन्यांचं सुफ्लेसारखं मऊ गरम, तीस महिन्यांचा सॉस, छत्तीस महिन्यांचा गार फेस, चाळीस महिन्यांची कुरकुरीत पापडी, आणि पन्नास महिन्यांची नुसती हवा, साबणाच्या फेसाहून हलकी. वरून मसाला नाही, रंग नाही, कोथिंबिरीचं पान नाही. पहिल्या चमच्याला मला फक्त खारट लागलं. तिसऱ्या चमच्याला लक्षात आलं की तरुण चीज दुधाशी अजून नातं राखून आहे आणि म्हातारं चीज सुक्या मेव्याच्या, जवळजवळ रश्श्याच्या चवीला जाऊन बसलंय. अशा एका चाकाला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं आणि चाळीसेक किलोचं ते चाक निदान बारा महिने फळीवर पडून असतं. मे २०१२ च्या दोन भूकंपांत या भागातल्या फळ्या कोसळल्या आणि लाखो चाकं खाली आली. ती विकली जावीत म्हणून बोत्तुरानं एक साधा रिसोत्तो तयार केला, रोमच्या काचो ए पेपे या पास्त्याच्या धर्तीवर पण भात आणि पार्मिजानोचा, कुणालाही घरी करता येईल असा. जगभरच्या लोकांनी तो केला आणि चीज खपलं. लेकीनं हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे भूकंपातसुद्धा दूध वाया जाऊ दिलं नाही." वासराच्या बाबतीत तिचा राग तेव्हा थोडा उतरला असावा.

मग वाम आली. पो नदीच्या मुखाशी धरतात ती, द्राक्षांच्या आटवलेल्या रसात माखून काळी चकचकीत, सोबत पोलेंटा आणि सफरचंद. गोष्ट अशी की १५९८ साली एस्ते घराण्याच्या हातून फेर्रारा गेलं आणि त्यांनी राजधानी मोदेनाला हलवली. वामही जणू त्यांच्या मागोमाग नदीतून वर पोहत आली. इथं पदार्थाआधी गोष्ट वाढतात. काही वेळा गोष्टच जास्त होते, हेही सांगून टाकतो. दोन-तीन पदार्थ असे होते की गोष्ट आठवतेय आणि चव नाही.

तोर्तेल्लीनीचं तसं नाही. या प्रांतात तोर्तेल्लीनी म्हणजे पुरणपोळीइतकी गंभीर बाब. डुकराचं मांस, प्रोशुत्तो, मोर्तादेल्ला, चीज, जायफळ भरून करंगळीच्या टोकाएवढी घडी घालायची आणि कोंबड्याच्या रश्श्यात वाडगाभर वाढायची. घरातल्या कर्त्या बाईला इथं 'रेझदोरा' म्हणतात, आणि एका चमच्यात जितक्या जास्त मावतील तितकी तिची कीर्ती. बोत्तुरानं सुरुवातीच्या दिवसांत मोदेनाकरांसमोर काय ठेवावं? घट्ट गोठवलेल्या रश्श्यावर एका ओळीत चालणाऱ्या सहा तोर्तेल्लीनी. मोजून सहा. गाव खवळलं, टेबलं रिकामी राहू लागली. मुकाट्यानं ओरपता कशा त्या, जरा एकेक खाऊन बघा, असं त्याचं म्हणणं. २००१ साली महामार्गावर वाहतूक तुंबली म्हणून एक समीक्षक मोदेनात जेवायला वळला, त्यानं लिहिलं, आणि दिवस पालटले असं सांगतात. लहानपणी भाऊ मागे लागले की हा मासिमो आजीच्या टेबलाखाली लपायचा. आजी वर तोर्तेल्लीनी वळतेय आणि खालून हा कच्च्याच पळवतोय. टेबलाखालून स्वयंपाकघर बघणारं ते पोर या सगळ्या मोठेपणातून अजून डोकावतं.

कारण त्यानंतर आला लझान्याचा कुरकुरीत भाग. अख्खा लझान्या नाही, फक्त तो भाग. भट्टीतून ट्रे निघाला की कडेची, वरची, थोडी करपलेली कोपऱ्यातली खरपूस पट्टी पोरं मोठ्यांची नजर चुकवून ओरबाडतात, ती. हिरव्या, पांढऱ्या, लाल रंगाचा वाळवून तळलेला पापुद्रा, खाली हातानं बारीक चिरलेल्या मांसाचा रागू आणि बेशामेल.

"खरवड," बायको म्हणाली.

तिच्या माहेरी खवा आटवायचे. मोठी कढई उतरली की बुडाशी लागलेली खरवड कुणाला, यावरून पाच भावंडांत मारामाऱ्या. तिच्या आईनं वार लावून दिले होते, सोमवार हिचा. आणि तरी, ती सांगते, सोमवारच्या खरवडीपेक्षा बुधवारी चोरून खाल्लेली जास्त गोड लागायची. हे सगळं ती मला लग्नानंतर तीस वर्षांत एकदाही बोलली नव्हती. लेकही ऐकतच राहिली.

बोलता बोलता तिनं हात पुढे केला आणि माझ्या पापुद्र्याचं वरचं टोक, रागूला न लागलेलं, कटकन मोडून तोंडात टाकलं. बारा टेबलांच्या शांततेत तो आवाज मला फार मोठा वाटला.

"आई! चीज असेल त्यात."

"असू दे."

पलीकडे उभ्या असलेल्या वेटरनं पाहिलं नाही असं दाखवलं. त्याला तेवढ्यासाठी तरी मोठी बक्षिसी द्यायला हवी होती.

शेवटी लिंबाचा टार्ट, फुटलेला. ताका कोंदो या जपानी स्वयंपाक्याच्या हातून एकदा उरलेल्या दोन टार्टांपैकी एक पडला. तो घाबरला. बोत्तुराला तो पसारा आवडला, आणि दुसराही तसाच फोडून द्यायचं ठरलं. तेव्हापासून तो रोज मुद्दाम फुटतो. थाळीभर पिवळे शिंतोडे, तुकडे, केपर, आणि आइस्क्रीम. बायकोनं आइस्क्रीम चाखून डोळे मिटले. "गवती चहा. अहो, कुंडीतला." आणि खरंच होता. अंड्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

बाहेर पडलो तेव्हा चार वाजून गेले होते. धुकं उठून पिवळट ऊन पडलं होतं. पोट भरलं का, हा आपला हमखास प्रश्न; भरलं होतं, पण ते कधी भरलं ते कळलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात वीस हजार भागिले बारा करत होतो आणि दोघी माय-लेकी झोपल्या होत्या.

बोलोन्यात लेकीच्या जिन्यावर घरमालकीण भेटली. ऐंशीच्या घरातली, काळा स्वेटर, हातात कचऱ्याची पिशवी. कुठे गेला होता, तिनं विचारलं. लेकीनं मोदेना म्हटल्यावर म्हातारीनं तोंड असं केलं की भाषांतराची गरज पडली नाही. लेक हसत म्हणाली, "बादली बघून आलो." मग जेवणाचं निघालं, तोर्तेल्लीनी खाल्ल्याचं निघालं. त्या मुळात बोलोन्याच्याच, मोदेनावाल्यांनी त्याही उचलल्या, असं म्हातारी निक्षून म्हणाली आणि विचारती झाली, "किती दिल्या?"

लेकीनं एक पंजा आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं.

"सहा वाडगी?"

"सहा तोर्तेल्लीनी."

म्हातारीनं पिशवी खाली ठेवली. आमच्या तिघांकडे, एकेकाकडे, नीट पाहून घेतलं. मग पिशवी उचलून जिना उतरू लागली. आम्ही वरच्या मजल्यावर कुलूप उघडेपर्यंत खालून तिचा आवाज येत होता: सेई. सेई. सेई!