हे कोण? हे कोणाचे?

मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रवेशशुल्क नाही. त्यामुळे पावसाळ्यातील दुपारी तेथे रसिकांबरोबर आडोशाला आलेली माणसेही असतात, आणि पाहण्याच्या व्यवहाराविषयी काही शिकायचे असेल तर ते बहुधा या दुसऱ्या वर्गाकडूनच शिकता येते. अशीच एक वृद्ध स्त्री, कलाशिक्षण घेणाऱ्या नातीचा हात धरून, छायाचित्रांच्या प्रदर्शनात एका मोठ्या कृष्णधवल चेहऱ्यासमोर थांबते. "कोण गं ही?" ती विचारते. "खाली नाव आहे बघ, आजी," नात म्हणते. आजी चष्मा सावरून वाचते. नाव पुरुषाचे आहे, छायाचित्रकाराचे. "हे नाही गं. ही बाई कोण, ते विचारतेय मी." मागे उभ्या असलेल्या दोघांना हसू येते. नात ओशाळते आणि आजीला पुढच्या चौकटीकडे नेते.

हसू यावे असे त्या प्रश्नात काय होते? घरात छायाचित्राला पहिला प्रश्न हाच विचारला जातो. दाराच्या वर किंचित पुढे कललेली तसबीर, तिच्यावरचा चंदनाचा हार, काचेआड कडेने पिवळा पडलेला कागद : पाहुणा विचारतो, हे कोण? आणि कोणीतरी नाते सांगते. तसबीर कोणी काढली, हे घरातही बहुधा कोणाला ठाऊक नसते. कलादालनाच्या भिंतीवर तेच छायाचित्र टांगले की प्रश्न बदलतो : हे कोणाचे? प्रथमेची जागा षष्ठी घेते. छायाचित्राला कलेचा दर्जा मिळाला तो या विभक्तिबदलाच्या मोबदल्यात, असे म्हटल्यास ते फारसे अतिशयोक्त ठरू नये. कर्ता निश्चित झाल्याखेरीज कलाकृती नाही, आणि कर्ता निश्चित होताच समोरचा माणूस 'विषय' होतो.

या व्यवहाराची किंमत रोलाँ बार्थने नेमकी ओळखली होती. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या छायाचित्रविषयक पुस्तकात अनेक छायाचित्रे छापलेली आहेत. परंतु ज्या एका छायाचित्राभोवती सारे पुस्तक फिरते, ते त्याच्या आईच्या बालपणीचे छायाचित्र त्यात नाही. वाचकाच्या लेखी ते इतर कोणत्याही छायाचित्रासारखेच ठरले असते, म्हणून त्याने ते दाखवले नाही. आपल्या समीक्षेने या पुस्तकातून 'स्टुडियम' आणि 'पंक्टम' या दोन संज्ञा तत्परतेने उचलल्या. ते न छापलेले पान मात्र तिला फारसे जाणवलेले दिसत नाही.

मग कोलाजचे काय? मराठी समीक्षेत हा शब्द आता कोणत्याही विस्कळीत रचनेला लावला जातो. त्यातली कात्री आणि खळ मात्र विसरली गेली आहे. कोलाज म्हणजे आधी एखादी गोष्ट तिच्या जागेवरून कापून काढणे. पिकासोने १९१२ साली वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चित्रावर चिकटवले, तेथून या प्रकाराचा आधुनिक इतिहास सांगण्याची प्रथा आहे. माणसे कापून चिकटवण्याचा उद्योग मात्र मुंबईत त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी झालेला होता. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत मुंबईतील रहिवाशांची आणि आगंतुकांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. माणसे छायाचित्रगृहात उभी करून टिपायची, मग आकृती कापून शहराच्या किंवा परिसराच्या वेगळ्या दृश्यावर बसवायच्या, आणि जोड कळणार नाही अशा रीतीने पुन्हा छाप घ्यायचा, अशी ती पद्धत होती. त्या माणसांच्या ओळखीसाठी जातीचे वा जमातीचे नाव पुरेसे मानले गेले. शहराचे दृश्य खरे, माणसे खरी. त्यांचे तेथे उभे असणे तेवढे खोटे.

याच्या नेमके उलट टोक नाथद्वाऱ्याच्या मनोरथ-चित्रांत दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील चित्रकार श्रीनाथजींच्या रंगवलेल्या मूर्तीशेजारी यात्रेकरूंच्या छायाचित्रांतील चेहरे कापून चिकटवीत आणि उरलेले शरीर, वस्त्रे, जोडलेले हात रंगवून पुरे करीत. यात्रेकरू ते चित्र घरी नेई. येथे जोड लपत नाही : मान करड्या छायाचित्राची, अंगरखा केशरी रंगाचा. लपवण्याची कोणाला निकडही नव्हती, कारण घरी विचारला जाणारा प्रश्न 'हे कोण?' हाच होता, आणि सांगणारे समोर होते. अशी चित्रे आज संग्रहालयांत आली आहेत. तेथे ती पाहताना चेहरे ओळखीचे वाटतात, एवढेच.

विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये आजोबा उमरावसिंग शेर-गिल यांनी काढलेल्या कौटुंबिक छायाचित्रांतून संगणकावर एक मालिका रचली. वेगवेगळ्या वर्षांतील आणि घरांतील माणसे तीत एका खोलीत येतात. तिचा केंद्रबिंदू असलेली मावशी, अमृता, १९४१ मध्ये गेली. सुंदरम यांचा जन्म १९४३ चा. न भेटलेल्या मावशीला भेटण्याचा हा मनोरथच आहे. चित्रे देखणी आहेत, काहीशी जास्तच देखणी. संगणकाने जोड इतका पुसला आहे की कात्रीची धार जाणवत नाही. तरी या मालिकेत 'कोण' आणि 'कोणाचे' हे दोन्ही प्रश्न एकाच घरात राहतात, ही गोष्ट विरळ म्हणावी लागेल. अर्थात त्या घरात कॅमेरा होता, आणि नावे जपणारी माणसेही होती.

जॉन्सनच्या खंडांतील माणसांना हे लाभले नाही. दुसरा खंड महाराष्ट्राचा. त्यातल्या एखाद्या पानावर कोणाच्या तरी आजीची आजी, कधीच न पाहिलेल्या दृश्यासमोर उभी असू शकेल. पानावर जात आहे, छायाचित्रकाराचे नाव आहे. आणि तो पोरका, हसण्यावारी नेलेला प्रश्न आहे : कोण गं ही?