फळी

गेल्या आठवड्यात आमच्या सावेडीच्या फ्लॅटला नवं दार बसलं. कुलूप बोटाच्या ठशाचं. बसवायला आलेल्या पोरानं घरातल्या सगळ्यांचे अंगठे नोंदवून घेतले, आईचा मात्र यंत्र घेईना. अंगठा पदराला पुसला, ओला केला, उजवा झाला, डावा झाला. शेवटी पोरगं म्हणालं, "आजींच्या रेषाच झिजल्यात हो." राखेनं भांडी घासण्यात गेलेला अंगठा तो. आई तो पुढे धरून बाहेर उभी, चेहऱ्यावर चूक केल्यासारखं ओशाळं हसू.

आईचं माहेर शिंगणापूर.

आजोळच्या घराला दार नव्हतं, पण दारापाशी जे जे असावं ते सगळं होतं. लिंबाची चौकट, गणेशपट्टीवर शेंदरानं बुजलेला गणपती, उंबऱ्याला रोज हळदीकुंकू, दसऱ्याला झेंडूचं तोरण. पडदा आजीच्या जुन्या लुगड्याचा. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं त्याच्या खालच्या दुमडीत खडे शिवले होते. उंबरा मधोमध खोलगट झाला होता, कुंकू तिथंच साचायचं. रात्री आजी चौकटीला एक फळी टेकवून ठेवायची. बिजागरी नाही, कडी नाही. मी विचारलं, "चोर आला तर?" ती म्हणाली, "चोरासाठी नाही गं, कुत्र्यांसाठी." पहाटे ती फळी सरकवायची तो खर्र आवाज अजून मला झोपेतून उठवतो.

शनीच्या शिळेला छप्पर नाही आणि गावाला दारं नाहीत, हे नगरकरांना नव्यानं काय सांगायचं! 2011 साली यूको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा काढली, 2015 मध्ये गावात पोलीस ठाणं आलं. या दोन बातम्या मी शेजारी शेजारी कापून ठेवल्या आहेत. तिसरी 2016 च्या पाडव्याची, बायका चौथऱ्यावर चढल्या ती. कुणालाही घरात येऊ देणाऱ्या गावात आजीनं जन्मभर देवाला खालूनच हात जोडले. ती बातमी यायच्या आधीच ती गेली होती. याचा राग मी कुणावर काढायचा, ते अजून ठरलेलं नाही.

तालुका नेवासा. ज्ञानेश्वरी सांगितली तो खांब तिथलाच, त्यामुळे लहानपणी मला ज्ञानदेव आजोळचेच वाटायचे. ताटीचे अभंग पहिल्यांदा ऐकले तेव्हा मुक्ताबाई आजीच्या फळीपुढे उभी दिसली. एवढं विनवतेय कशाला, फळी सरकवायची की, असं मला वाटलं होतं.

आता आमच्या दारापाशी 'फोयर' आहे. इंटिरियरवाल्यानं तिथं आरसा लावला, बुटांचं कपाट केलं, पितळी उरळीत प्लॅस्टिकच्या पाकळ्या सोडल्या. उंबरठा नकोच म्हणाला, फरशी सलग दिसते. मी भांडले आणि हरले. त्या उरळीवर माझा राग आहे. पाणी बदलायचं मी मुद्दाम विसरते. आई मात्र आत येताना अजून पाय उचलूनच टाकते, नसलेल्या उंबऱ्यावरून.

अंगठा चालेना म्हणून तिला चार आकडे पाठ करायला दिले. दोन दिवस तिनं ते पुटपुटत काढले.

काल दुपारी ऑफिसातून लवकर आले तर जिन्यातच टीं-टीं ऐकू आलं. दार सताड उघडं, मिटू नये म्हणून फटीत वरवंटा. कुलूप आपलं बोंबलत होतं. आई फोयरमध्ये आरशाला पाठ टेकून बसली होती, बुटांच्या कपाटावर परात ठेवलेली, मांडीवर मटारच्या शेंगा. शेजारच्या सूनबाई उंबरा असता तिथं येऊन बसलेल्या, त्याही सोलत होत्या.

"अगं, ते ओरडतंय," मी म्हटलं.

"ओरडू दे," आई म्हणाली. "चपला तिकडं काढ आणि बस."