वाकनीस

आमच्या आडनावाचा उच्चार पहिल्याच प्रयत्नात बरोबर करणारा मनुष्य भेटला, की आम्ही त्याच्याकडे काहीशा आदराने पाहतो. बँकेच्या खिडकीमागून ‘वाकणकर’ अशी हाक येते, दवाखान्यात आम्ही ‘वाघनीस’ होतो, आणि एका सरकारी कागदावर तर चार वर्षे ‘वाकडनीस’ म्हणून नांदलो. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाला हे आडनाव जन्माने मिळाले, दुसरीला लग्नाने. दुसरी माहेरची कुलकर्णी. कुलकर्णी या आडनावाचा अर्थ काय, असे तिला माहेरी असताना कोणी कधी विचारले नव्हते. लग्नानंतर मात्र महिन्यातून एकदा तरी ‘वाकनीस म्हणजे काय हो?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते.

या प्रश्नाचे एक उत्तर घरात तयार होते. ते काकांचे. काका म्हणजे आमच्या घराण्यातले आता सर्वांत वडील, वय वर्षे चौऱ्याऐंशी, तारखात्यातून निवृत्त. त्यांची व्युत्पत्ती अशी : ज्याच्या जिभेवर वाग्देवीचा निवास तो ‘वाक्-निवास’, आणि त्याचा कालांतराने झालेला अपभ्रंश म्हणजे वाकनीस. हे उत्तर आम्हांला इतके आवडले होते, की आम्ही ते वर्गात सांगितले, महाविद्यालयाच्या वार्षिकांकात एका ललित लेखात गुंफले आणि लग्नपत्रिकेवर सरस्वतीचे चित्र छापताना मनाशी त्याचाच आधार घेतला. भाषेच्या अध्यापकांना यापेक्षा सोयीचे आडनाव ते कोणते मिळणार?

लाजिरवाणी गोष्ट ही, की ही व्युत्पत्ती मोडून काढायला लागणारे हत्यार आमच्या हातात रोज होते. वाक् + मय = वाङ्मय हे संधीचे उदाहरण आम्ही प्रथम वर्षाच्या मुलांना वीस वर्षे फळ्यावर लिहून दाखवत आलो आहोत. पुढे अनुनासिक आले, की आधीच्या ‘क्’चा ‘ङ्’ होतो. म्हणूनच आपल्याकडे वाङ्निश्चय होतो, वाक्-निश्चय होत नाही. आमचाही वाङ्निश्चय झाला होता, त्याची आमंत्रणे आम्हीच लिहिली होती, आणि त्याच आमंत्रणावर खाली ‘वाकनीस’ असे स्वच्छ ‘क’ घालून छापले होते. अपभ्रंश संधीचे नियम पाळत नाही, असा युक्तिवाद करता येईल; परंतु तो करण्यासाठी निदान शंका तरी यायला हवी होती. ती आली नाही. जे उत्तर आपल्याला मोठे करते, त्याचे व्याकरण आपण तपासत नाही.

शंका काढली ती एका विद्यार्थ्याने. एम. ए.च्या वर्गात बखर वाङ्मय चालू होते. एक्याण्णव कलमी बखरीचा उल्लेख आला. ही शिवचरित्रपर बखर परंपरेने दत्तो त्रिमल वाकेनवीस यांच्या नावावर सांगितली जाते. तिच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, तेही आम्ही नेहमीप्रमाणे सांगून टाकले. मागच्या बाकावरून प्रश्न आला : ‘सर, हे तुमच्यातलेच का?’ वर्ग हसला. आमच्यातले सरही हसले, आणि तास संपल्यावर ग्रंथालयात जाऊन बसले. जे नाव इतकी वर्षे तोंडपाठ म्हटले, ते आपलेच आहे, हे त्या दिवसापर्यंत त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

पुढचे काम फार अवघड नव्हते. अरबीत ‘वाकिआ’ म्हणजे घडलेली गोष्ट, घटना. फारसीत ‘नविश्तन’ म्हणजे लिहिणे. त्यावरून ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. वाकिआनवीस, वाकेनवीस, वाकनीस. दोन स्वरांमधला ‘व’ मराठी जिभेने झिजवला आणि नवीसचा नीस झाला. हीच झीज चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस, हसबनीस या सर्वांत दिसते. नागपूरच्या चिटणवीसांनी आणि अनेक फडणवीसांनी तो ‘व’ जपून ठेवला आहे, त्यामुळे मूळ रूप डोळ्यांसमोर राहते. हसबनीस हिशेब लिहिणारे, पारसनीस फारसी पत्रव्यवहार पाहणारे, चिटणीस चिठ्ठ्यापत्रे लिहिणारे. एवढी भावंडे आजूबाजूला असताना एकट्या वाकनीसाला संस्कृत आईबाप मिळवून देण्याचा आमचा खटाटोप आता आठवला की हसू येते.

हा वाकनीस करीत काय असे? अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त वाकिआनविसांवर एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. अकबराच्या दरबारी असे चौदा लेखक होते. रोज दोघांची पाळी असे. बादशहाने दिलेले हुकूम, खातेप्रमुखांनी केलेली निवेदने हे तर लिहायचेच; पण बादशहा काय जेवला, काय प्याला, केव्हा निजला, केव्हा उठला, शिकारीत काय मारले, कूच कोठून केले, मुक्काम कोठे पडला, हेही लिहायचे. हे टिपण वाचून तपासले जाई, त्यावर शिक्के उमटत, आणि मग तो पुरावा होई. मोगली सुभ्यांतूनही असे वाकिआनवीस नेमलेले असत व तिथल्या घडामोडी दरबारास कळवीत. वाग्देवी सोडाच, येथे जिभेचेही काम नव्हते. काम होते डोळ्यांचे, कानांचे आणि बोरूचे. आणि मुख्य म्हणजे स्वतःचे काही न घालण्याचे.

शिवाजीमहाराजांच्या राज्यात हे पद होतेच, आणि त्यावर दत्ताजीपंत होते. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, तेव्हा पदांची फारसी नावे बदलून संस्कृत नावे देण्यात आली. पेशवा पंतप्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, डबीर सुमंत, आणि वाकनीस मंत्री. पाठोपाठ रघुनाथपंत हणमंत्यांनी राजव्यवहारकोश सिद्ध करून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. म्हणजे वाकनीस हा शब्द कारभारातून विधिपूर्वक निवृत्त केलेला शब्द आहे. तरीही तो टिकला, कारण माणसे त्याला चिकटली होती. मुजुमदार, डबीर यांचेही तेच झाले. राजाज्ञेने पदाचे नाव बदलते. शेजारी ज्या नावाने हाक मारतो ते बदलत नाही.

पदावरून आडनाव पडले, की आधीचे आडनाव पुसले जाते, ही आणखी एक गंमत. नाना फडणवीस मूळचे भानू, हे आता इतिहासाच्या पुस्तकापुरते उरले आहे. आमचे घराणे वाकनीस होण्यापूर्वी काय होते, ते सांगणारा एकही कागद घरात नाही. दत्ताजीपंतांशी नाते सांगणाराही नाही. पद तेच असले तरी ते धारण करणारी घराणी वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या गावांची असू शकतात. देशमुख, चिटणीस ही तर नेहमीची उदाहरणे. तेव्हा एखाद्या गावात अचानक दुसरा वाकनीस भेटला म्हणजे आप्त सापडला, असेही नाही. इंग्रजी अमदानीत शाळेच्या हजेरीपटाने आणि नोकरीच्या अर्जाने आडनाव हा रकाना पक्का केला. त्या वेळी ज्याच्या तोंडी जे होते ते त्याच्या वंशजांना कायमचे लागले.

हे सारे कळून महिना झाला असेल-नसेल, तेव्हा काकांचे पत्र आले. ते अजून पत्रच पाठवतात. दहा वर्षे खपून त्यांनी आमच्या घराण्याची वंशावळ जमवली होती. एकूण एकोणीस घरे. तिची पुस्तिका निघणार होती, नाव ‘वाग्देवीचे वारस’, आणि प्रस्तावना लिहायची होती आम्ही. ‘घरात दोन-दोन मराठीचे प्राध्यापक असताना बाहेरचा कशाला?’ असे शेवटी लिहिले होते.

आम्ही दोन महिने काही केले नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या दहा वर्षांच्या कष्टांवर एका अरबी शब्दाने पाणी ओतायचे का, यावर आमच्यात रोज रात्री वाद होई. एकाचे म्हणणे, मोघम लिहून वेळ निभावून न्यावी. दुसरीचे म्हणणे, मग वर्गात तरी कोणत्या तोंडाने शिकवायचे? अखेर कोश आणि टिपणे पिशवीत घालून आम्ही त्यांच्याकडे गेलो.

काकांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘म्हणजे महाराजांनी काढून टाकलेला शब्द आपण तीनशे वर्षे कपाळावर मिरवतोय?’ आम्ही म्हटले, ‘काका, कपाळ हा शब्दही कोठून तरी आलाच असेल.’ ते हसले नाहीत. आम्ही त्यांना माधवराव पटवर्धनांची गोष्ट सांगितली : ज्यांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश रचला, त्याच माधव जूलियनांनी पुढे १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. मराठी माणसाचे फारसीशी नाते असे दोन्हीकडचे आहे, त्यात लाज कसली? काका म्हणाले, ‘ते कवी होते. मला पुस्तिका छापायची आहे.’

मग त्यांनी वंशावळीचा मोठा कागद जमिनीवर पसरला आणि विषय बदलला. आडनाव संपत चालले आहे, ही त्यांची खरी चिंता. आपल्याकडच्या जनगणनेत आडनावांचे कोष्टक छापले जात नाही, त्यामुळे देशात वाकनीस किती, हे त्यांनी जुन्या दूरध्वनी-निर्देशिका चाळून अजमावले होते. जोशी-कुलकर्ण्यांची पानेच्या पाने, आणि आमच्या बोटांवर मोजण्याइतक्या ओळी. फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये नेमका हाच प्रश्न गणितज्ञांपुढे टाकला होता, की आडनावे नष्ट कशी होतात? आडनाव केवळ मुलग्यांकडूनच पुढे जात असेल आणि दर पुरुषामागे मुलग्यांची सरासरी एकाहून अधिक नसेल, तर ते आज ना उद्या संपतेच, असे ते गणित सांगते. काकांच्या कागदावर वर सात फांद्या होत्या. खाली येता येता त्या तीन उरल्या होत्या.

आमच्या दोघांच्या नावाखाली एक आडवी रेघ होती. रेघेखाली काही नव्हते.

आमची मुलगी १७ वर्षांची आहे. वंशावळीत मुली दाखवायच्या नाहीत, ही रीत आम्हांलाही ठाऊक होती. पण स्वतःच्या नावाखालची ती मोकळी जागा पाहणे ही वेगळी गोष्ट. आमच्यातली माहेरची कुलकर्णी तेव्हा एवढेच म्हणाली, ‘काका, घडेल ते लिहायचे, हे आपले काम होते म्हणतात. मग ही घडली नाही का?’

काका बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने मुलांच्या नावात आईचे नाव बंधनकारक केल्याचे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. ‘१ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांना लागू आहे ते,’ ते म्हणाले, ‘आणि शेवटी आडनाव राहतेच.’ जणू तेवढ्यापुरता तरी नियम त्यांच्या बाजूचा होता. मग ते उठले आणि आतल्या खोलीत गेले.

काका रोजनिशी लिहितात, हे घरातल्या सर्वांना माहीत होते. ती कोणी वाचलेली नव्हती. नोकरीला लागल्यापासून एकही दिवस चुकलेला नाही. तारखात्यातली सवय असल्यामुळे नोंदी तारेसारख्या : पाऊस किती, कोण आले, कोणाला काय झाले, जेवायला काय होते. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली त्या दिवसाचीही नोंद चारच शब्दांची आहे. ती आम्ही नंतर पाहिली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात २००९ सालची वही होती. बोट ठेवून त्यांनी वाचले : ‘सकाळी ७.१० ला फोन. मुलगी झाली. दोघी सुखरूप. पाऊस थांबला. पेढे अर्धा किलो. रात्री मुगाची खिचडी.’

‘लिहिले होते मी,’ ते म्हणाले. आवाजात थोडी तक्रार होती, ती कोणाबद्दल ते कळले नाही.

पुस्तिका दिवाळीत निघाली. मुखपृष्ठावर वीणाधारी सरस्वती आहे, आणि नाव ‘वाग्देवीचे वारस’ हेच आहे. ते बदलायला काकांनी साफ नकार दिला. आत पहिल्या चार पानांत आमची प्रस्तावना आहे, तिच्यात वाकिआ आणि नवीस यांची फोड आहे, आणि काकांनी तिच्यातला एक शब्दही कमी केलेला नाही. वंशावळीचा कागद मात्र पुन्हा काढावा लागला, कारण आमच्या मुलीचे नाव घातल्यावर त्यांना इतरांच्या मुली आठवू लागल्या. त्यांच्यासाठी त्यांनी चाळीस वर्षांच्या वह्या पुन्हा चाळल्या. त्यात दोन महिने गेले, आणि छापखान्याचा खर्च दीडपट झाला.