पाळण्यापुरती जागा

सातवा महिना लागला तेव्हा आम्ही दोघांनी घर बदलायचे मनावर घेतले. हडपसरच्या खोलीत पलंग आणि कपाट मावले की उभे राहायला जागा उरत नव्हती. पाळणा टांगायचा कुठे? एक रविवार ठरवला. तीन घरे बघायची, आणि बाळ आल्यावर पुन्हा कधी जमेल कोण जाणे, म्हणून थोडे शहरही हिंडून घ्यायचे.

पहिले घर कोथरूडला. दोन खोल्या, मागे जांभळाचे झाड, खिडकीत ऊन. मालकीणबाईंनी "जिना सावकाश चढा हं" म्हणत हात दिला, पाणी आणले, मोरावळा दिला. आमची मराठी सांगलीकडची, त्यांचे माहेरही तिकडचेच. गप्पा रंगल्या. मग करारासाठी नावे विचारली. आम्ही सांगितली. बाई गप्प झाल्या. "माझं काही नाही हो, पण सोसायटीतले लोक…" वाक्य त्यांनी पुरे केले नाही, आम्हीही करायला लावले नाही. बाई वाईट नव्हत्या. निघताना मोरावळ्याची लहानशी बरणी दिली, ती आम्ही घेतलीही. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला लागतो. नकाराला कागद लागत नाही.

तिथून डेक्कनला. गुडलकमध्ये बनमस्का आणि चहा. १९३५ पासूनचे हे इराणी हॉटेल. टेबल रिकामे झाले की बसायचे, एवढाच तिथला नियम. मग तुळशीबाग. बाळ जन्मायच्या आधी कपडे घेऊ नयेत, असे आमची अम्मी म्हणते. दुकानातल्या मावशींनीही तेच बजावले आणि बजावता बजावता दोन झबली नि एक कुंची बांधून दिली.

दुपारी कोंढवा. इथे आडनावाची अडचण नव्हती. कॅम्पातली, पेठांतली कितीतरी कुटुंबे दाटीला कंटाळून इकडे आली; काही आमच्यासारखी फिरून फिरून आली. घरमालक चाचांनी शरबत दिले. आम्ही आपसांत बोलू लागलो तसे त्यांनी विचारले, "घर में भी मराठीच बोलते क्या?" हो म्हटले. "बच्चे को उर्दू नहीं सिखाओगे?" आणि मग, "बहू नौकरी छोडेगी ना अब?" नकार त्यांनी दिला नाही, भाडेही परवडणारे होते. पण चौथा मजला, लिफ्ट बंद, पाणी टँकरचे. मुसलमान म्हणून नाकारलेले घर आणि मुसलमान म्हणून मिळणारे घर, या दोहोंच्या मधले एखादे असेल का, असे रिक्षात आमच्यातल्या एकाने विचारले. दुसरीचे लक्ष पोटातल्या लाथांकडे होते.

तिसरे घर गंज पेठेत. दलालाने पाचची वेळ दिली होती, म्हणून आधी फुलेवाड्यात गेलो. शाळा चालवतात म्हणून १८४९ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंना वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी जागा दिली, असे सांगितले जाते. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचे नाव येते. ज्यांना घर सोडावे लागले त्यांनीच १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले: गरोदर विधवेने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत अशाच एका विधवेचा. १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केलेला हौद अजून तिथे आहे. आम्ही त्याच्याजवळ बराच वेळ उभे राहिलो. पाय दुखत होते, तरी.

तिसऱ्या घराच्या मालकीण आजी दारातच होत्या. "कितवा?"

"सातवा."

"नाव सांगितलंय दलालानं," असे म्हणून त्यांनी वर बोट केले. तुळईत लोखंडी कडी होती. "पाच पोरं झुलली हिच्यावर माझी."

घर जुने. संडास खाली, सामायिक. जिन्याच्या पायऱ्या बावीस, आम्ही दोनदा मोजल्या. डिपॉझिट आमच्या हिशेबापेक्षा दहा हजारांनी जास्त. दोन दिवसांत कळवतो म्हणालो. आजींनी मान डोलावली, आमच्या हातातली झबल्यांची पिशवी पाहिली आणि म्हणाल्या, "गर्दीतून कशाला नेताय? राहू दे इथंच."

पिशवी तिथेच ठेवून आम्ही स्वारगेटला बस पकडायला निघालो.